टीबी, शुगर आणि अँटिऑक्सिडंटच्या चार डब्या

पत्र, नावगाव काढून थोडक्यात: "मिस्टरांचं वय ५४, शुगर ११ वर्षांपासून. दीड महिन्यापूर्वी फुफ्फुसाचा टीबी निघाला, औषधं लगेच सुरू झाली. ताप गेला, खोकला पण कमी आहे, पण शुगर काही केल्या उतरत नाही, फास्टिंगच २४० च्या आसपास असते. डॉक्टर म्हणतात इन्सुलिन सुरू करू. हे म्हणतात एकदा टोचायला लागलं की जन्मभर मागे लागतं, आधी टीबी संपू दे मग शुगरचं बघू. त्यात नात्यातल्या एकाने ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची टेस्ट करवून आणली, एमडीए जास्त आणि अँटिऑक्सिडंट कपॅसिटी कमी आलीय. त्यानेच चार डब्या आणून दिल्यात, हाय डोस व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई, ग्लुटाथायोन आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल. त्याचं म्हणणं, टीबीच्या औषधांनीच फ्री रॅडिकल्स वाढतात, ह्या गोळ्यांनी शुगर पण कंट्रोलला येईल, आणि आठवड्यातून एक दिवस टीबीच्या गोळ्यांना सुट्टी द्या. मागच्या रविवारी यांनी खरंच डोस घेतला नाही. मी डब्या सुरू करू का? नाही केल्या आणि काही झालं तर सगळे मलाच बोलतील."

ताई, आधी रविवारचं बघू. टीबीच्या औषधांना सुट्टी नसते. चुकलेला डोस भरून काढायला मनानेच डबल गोळ्या देऊ नका, पण जिथून औषधं मिळतात तिथे उद्याच सांगा की एक दिवस राहिला, पुढे काय करायचं ते ते सांगतील. ओरडतील म्हणून लपवू नका, असे फोन त्यांना रोज येतात. एक डोस राहिला म्हणून घाबरून जायचं कारण नाही, पण दर रविवारी सुट्टी म्हणजे महिन्याला चार डोस झाले, आणि टीबीचा जंतू मुळातच संथ आहे, दुप्पट व्हायला त्याला जवळजवळ दिवस लागतो, म्हणून तर कोर्स इतका लांब असतो. औषधाचा जोर मधेमधे कमी पडला की चिवट जंतू तेवढे मागे उरतात आणि रेझिस्टन्सची, म्हणजे जंतू औषधाला दाद न देण्याची, सुरुवात तिथूनच होते. मग सहा महिन्यांचं प्रकरण खूप लांबतं आणि औषधंही जास्त त्रासाची असतात.

आता रिपोर्टचं. रिपोर्ट खोटा आहे असं मी म्हणत नाही. फ्री रॅडिकल्स म्हणजे पेशींना इजा करू शकणारे चंचल कण, अँटिऑक्सिडंट त्यांना आवरतात, आणि ते आवरेनासे झाले की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. टीबी असला की शरीरात हा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो, शुगर अनकंट्रोल असली तरी वाढतो, आणि दोन्ही एकत्र असतील तर बऱ्याच अभ्यासांत एकेकट्या आजारापेक्षा आकडे वाईटच आलेत. एमडीए म्हणजे पेशींच्या आवरणातल्या चरबीची नासाडी झाल्यावर जे उरतं ते, तेवढाच त्याचा अर्थ. म्हणजे टीबी आणि २४० फास्टिंग असलेल्या माणसाची ही टेस्ट केली तर ती खराबच येणार, ती न करता पण कुणीही सांगितलं असतं! आणि मुख्य म्हणजे ह्या आकड्यावरून कुठलाही डॉक्टर टीबीचं किंवा शुगरचं औषध बदलत नाही, कारण इथपर्यंत नॉर्मल आणि इथून पुढे धोका अशी सगळ्यांना मान्य असलेली रेषाच नाहीये. सॅम्पल कसं ठेवलं, किती वेळाने तपासलं, माणूस सिगरेट ओढतो का, यावर पण आकडा हलतो. तेव्हा ती टेस्ट परत करू नका, फाईलमध्ये लावून ठेवा आणि विसरा.

तुमच्या त्या नातेवाईकाच्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि नेटवर वाचणारे बहुतेक लोक तेच धरून चालतात, की फ्री रॅडिकल्स म्हणजे नुसता कचरा, जितके कमी तितकं चांगलं. टीबीच्या बाबतीत हे सरळ लागू पडत नाही. फुफ्फुसात टीबीचा जंतू शिरला की मॅक्रोफेज नावाच्या पेशी त्याला गिळतात आणि मग त्याच्यावर मुद्दाम हेच फ्री रॅडिकल्स सोडतात, जंतू मारायला शरीराकडे जे मार्ग आहेत त्यातला हा एक. काही मुलांमध्ये जन्मतःच हे तयार करणारं एन्झाईम नीट काम करत नाही, त्यांना वारंवार गंभीर इन्फेक्शन होतात, कधी कधी बीसीजीच्या लसीतला कमजोर केलेला जंतू पण त्यांना आजारी पाडतो.

बरं, जंतू पण कच्च्या गुरूचा चेला नाही. त्याच्याकडे स्वतःचं अँटिऑक्सिडंट आहे, कॅटजी नावाचं एन्झाईम, मॅक्रोफेजने सोडलेलं हायड्रोजन पेरॉक्साईड ते फोडून टाकतं. आणि गंमत बघा, तुमचे मिस्टर रोज जी आयसोनियाझिड घेतात ना, १९५२ पासून वापरात असलेलं औषध, ते गिळताना कामाचं नसतंच, जंतूच्या पोटात गेल्यावर हेच कॅटजी त्याला चालू करतं आणि मग ते जंतूचं बाहेरचं कवच बनणं बंद पाडतं. म्हणजे जंतूचं संरक्षणच त्याच्या मुळावर येतं. ज्या जंतूंचं कॅटजी बिघडलेलं असतं त्यांच्यावर आयसोनियाझिड चालत नाही, रेझिस्टन्सचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. हे एवढ्यासाठी सांगितलं की ह्या आजारात ऑक्सिडेशन हा शत्रू आणि अँटिऑक्सिडंट हा मित्र अशी सरळ वाटणी नाहीये, एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी वापरली जातेय.

व्हिटॅमिन सी चं पण तेच. "व्हिटॅमिन सी टीबी मारतं" असा एखादा फॉरवर्ड तुम्हाला आलाच असेल, नसेल तर येईल. त्यामागे खरं संशोधन आहे, २०१३ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की लॅबमध्ये वाढवलेले टीबीचे जंतू भरपूर व्हिटॅमिन सी घातल्यावर मरतात. पण मरतात कशाने? तर तिथे व्हिटॅमिन सी ने लोहाबरोबर मिळून फ्री रॅडिकल्स वाढवले म्हणून! अँटिऑक्सिडंट म्हणून विकली जाणारी गोष्ट तिथे बरोबर उलटं काम करत होती. आणि ते झालं लॅबच्या नळीत, माणसाच्या फुफ्फुसात तेवढं प्रमाण गोळी खाऊन गाठता येतं आणि पेशंट लवकर बरा होतो असं काही त्यातून सिद्ध झालेलं नाही.

मग ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसने नुकसान होत नाही का? होतं, नक्की होतं. गरजेपेक्षा जास्त आणि नको तिथे झाला की फुफ्फुसाचा भाग खराब होतो, नसा, डोळे, किडनी सगळ्यावर परिणाम होतो. पण तुमच्या घरात तो जास्तीचा येतोय कुठून हे बघा. थोडा इन्फेक्शनमधून, ते औषधाने उतरतंय, ताप गेलाय. आणि खूपसा त्या २४० मधून.

शुगर जास्त असली की पेशींमध्ये काय होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. एकतर पेशीतल्या मायटोकाँड्रियावर, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागांवर, साखरेचा भार पडतो आणि तिथून फ्री रॅडिकल्स गळायला लागतात. दुसरं म्हणजे नसांसारख्या काही ठिकाणी जास्तीची साखर वेगळ्याच मार्गाने वळवली जाते आणि त्यात एनएडीपीएच नावाचा एक पदार्थ खर्च होतो. आता हाच एनएडीपीएच ग्लुटाथायोन, म्हणजे शरीराचं घरचं अँटिऑक्सिडंट, परत ताजं करायला लागतो, आणि मॅक्रोफेजला जंतूवर मारा करायला पण हाच लागतो. घरात एकच पगार आणि त्यातला मोठा हिस्सा साखरच उधळतेय, मग किराण्याला पण कमी आणि फीला पण कमी असा प्रकार. म्हणून शुगर वाढलेल्या माणसात दोन्ही गोष्टी एकदम बिघडतात, नको तिथे नासाडी जास्त आणि जंतू मारायची ताकद कमी. डायबेटिस असलेल्यांना टीबी व्हायचा धोका साधारण दोन ते तीन पट असतो, आणि टीबीच्या उपचारादरम्यान दगावण्याचा धोका जवळजवळ दुप्पट, तो उगाच नाही. अजून एक, व्हिटॅमिन सी आणि ग्लुकोज यांची पेशीत शिरायची काही दारं सामाईक आहेत, तेव्हा रक्तात साखर भरलेली असताना वरून व्हिटॅमिन सी ओतलं तरी ते जिथे हवं तिथे नीट पोचेलच असं नाही.

तेव्हा मिस्टरांचं जे म्हणणं आहे की आधी टीबी मग शुगर, ते मला मुळातच पटत नाही. हे दोन आजार रांगेत उभे नाहीत. शुगर वर ठेवून टीबीचा कोर्स करणं म्हणजे थुंकी निगेटिव्ह व्हायला, म्हणजे थुंकीत जंतू सापडेनासे व्हायला, उशीर आणि आजार उलटायची शक्यता जास्त. आणि तुम्ही दोघं प्रश्न असा मांडताय की डब्या घ्यायच्या की नाही, खरा प्रश्न इन्सुलिनचा आहे, डब्यांमुळे तो मागे पडलाय. मला तर वाटतं डब्या घरात आल्या तेव्हा मिस्टरांना मनातून बरंच वाटलं असेल, कारण कॅप्सूल गिळणं टोचण्यापेक्षा सोपं आहे. यात त्यांचा दोष नाही, टोचून घ्यायची भीती कुणालाही वाटते.

इन्सुलिन जन्मभर मागे लागतं का? टाईप टू मध्ये तसा नियम नाही. कुठल्याही मोठ्या इन्फेक्शनमध्ये शुगर आपोआप वर जाते, टीबी तर महिनोन् महिने चालणारं इन्फेक्शन, ते आटोक्यात आलं की इन्सुलिनची गरज पुष्कळदा कमी होते आणि बरेच जण परत गोळ्यांवर येतात. ११ वर्षांच्या शुगरमध्ये येतीलच अशी खात्री मी देणार नाही, काहींना ते पुढेही लागतं, पण ते ठरतं स्वादुपिंडात किती ताकद उरलीय त्यावर, आत्ता टोचलं म्हणून नाही.

आणि डॉक्टर इन्सुलिनच का म्हणताहेत त्याला अजून एक कारण असू शकतं जे पेशंटला कुणी नीट समजावून सांगत नाही. टीबीच्या गोळ्यांमधली रिफाम्पिसिन, जिने लघवी नारंगी होते ती, लिव्हरमधली औषधं फोडणारी एन्झाईम्स वाढवते. त्यामुळे ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड अशा शुगरच्या गोळ्या लवकर फुटून जातात आणि तोच डोस घेऊनही शुगर वर राहते. मिस्टर ह्यातली एखादी घेत असतील तर "गोळी नियमित घेतोय तरी शुगर उतरत नाही" याचं निम्मं उत्तर इथेच असेल. इन्सुलिन त्या मार्गाने जात नाही, मेटफॉर्मिनचं पण ह्यात फारसं बिघडत नाही. बीपीच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचा असर पण रिफाम्पिसिनने कमी होतो, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एकदा डॉक्टरांसमोर ठेवा, नुसती नावं सांगू नका, नावं सांगताना एखादी हमखास राहते.

टीबीच्या औषधांनीच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो, हे त्या नातेवाईकाचं म्हणणं पूर्ण चूक नाही बरं का, म्हणूनच ते खरं वाटतं. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाईड तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात आणि त्यात ऑक्सिडेशनचा भाग असतो. पण एकूण शरीराचा हिशोब बघितला तर जसजसं इन्फेक्शन उतरतं तसतसे हे आकडे सुधारतात, म्हणजे औषध बंद ठेवून स्ट्रेस कमी होणार नाही, उलट वाढेल. लिव्हरवर लक्ष ठेवायला लिव्हर फंक्शन टेस्ट आहे. भूक अचानक मेली, सतत मळमळ-उलट्या, पोटात उजवीकडे वरच्या बाजूला दुखणं, डोळे पिवळे, यातलं काहीही दिसलं तर मात्र पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. नुसती नारंगी लघवी त्यात धरू नका, ती अपेक्षितच आहे.

आता डब्या. हळदीच्या अर्काची कॅप्सूल आधी बाजूला ठेवा, तिच्याबद्दल माझं मत एकदम पक्कं आहे. स्वयंपाकातल्या चिमूटभर हळदीबद्दल मी बोलत नाहीये, कॅप्सूलमध्ये अर्क खूप जास्त असतो आणि तो नीट शोषला जावा म्हणून बहुतेक ब्रँड मिरीतलं पिपरीन घालतात, आणि अशा कॅप्सूलनी लिव्हर खराब झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. ज्याच्या लिव्हरवर आधीच तीन औषधांचा भार आहे त्याला ही द्यायची नाही, आणि उद्या लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये एन्झाईम्स वाढलेले आले तर कशाने वाढले हे डॉक्टरांना पण कळणार नाही, मग नाईलाजाने टीबीची औषधं थांबवायची वेळ येते. म्हणजे टीबीच्या गोळ्यांचा त्रास कमी करायला आणलेल्या डबीने त्या गोळ्याच बंद पडणार.

हाय डोस व्हिटॅमिन सी ची अडचण वेगळीच आहे. काही ग्लुकोमीटर आणि दंडाला लावायचे शुगर सेन्सर जास्त व्हिटॅमिन सी मुळे खोटी रीडिंग दाखवतात, बहुधा खरी असते त्याहून वर, आणि लघवीच्या पट्टीवर साखर असून दिसत नाही असंही होतं. इन्सुलिनचा डोस ज्या रीडिंगवर ठरणार तेच खोटं निघालं तर काय होईल तुम्हीच सांगा. मशीनच्या माहितीपत्रकात ह्याबद्दल असतं, शोधून वाचा. जेवणातून येणारं व्हिटॅमिन सी वेगळं, त्याला कुणाचीच ना नाही.

व्हिटॅमिन ई म्हणाल तर फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठा अभ्यास झाला होता, त्यांना व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटिन वर्षानुवर्षं देऊन बघितलं. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला, आणि व्हिटॅमिन ई ने फुफ्फुसाचा कॅन्सर काही कमी झाला नाही. अँटिऑक्सिडंट आहे म्हणजे वाईट तर काही करणार नाही, हा भरवसा तिथेच गेला. ग्लुटाथायोन नुसतं गिळलं तर बरंचसं पोटातच फुटतं. त्याच्या सुधारित प्रकारांवर आणि एन-ॲसिटिलसिस्टिन (शरीराला ग्लुटाथायोन बनवायला कच्चा माल देणारं औषध) वर टीबीच्या संदर्भात संशोधन चालू आहे आणि मला स्वतःला त्यात रस आहे, पण आज ते नेहमीच्या उपचाराचा भाग नाही, तेव्हा नातेवाईकाच्या सल्ल्याने घरी प्रयोग नको.

एक व्हिटॅमिन मात्र नक्की विचारा, बी सिक्स, पायरिडॉक्सिन. आयसोनियाझिडमुळे शरीरातलं बी सिक्स कमी पडतं आणि पायाला मुंग्या, जळजळ, बधिरपणा येऊ शकतो, आणि शुगर असलेल्या माणसाच्या नसा आधीच नाजूक असतात त्यामुळे त्यांना हे सोबत द्यायचं असतंच. गोळ्यांमध्ये ते आहे का बघा, नसेल तर डॉक्टरांना विचारा. चार महागातल्या डब्या आल्या आणि ही साधी गोळी राहिली असं व्हायला नको. तसंच टीबीच्याच गोळ्यांमधलं इथॅम्ब्युटॉल चालू आहे तोवर नजर धूसर होणं, लाल-हिरवा रंग फिका दिसणं याकडे लक्ष ठेवा. शुगरमुळे होत असेल म्हणून सोडून देऊ नका, लगेच सांगा.

सिगरेट-विडी असेल तर ती बंद करणं ह्या चारही डब्यांपेक्षा मोठं काम करेल, पत्रात तुम्ही काही लिहिलं नाहीये म्हणून विचारते. आणि जेवण तोडू नका. शुगर आहे म्हणून उपाशी आणि टीबी आहे म्हणून अशक्त असं दोन्हीकडून होतं, वजन उतरत जातं. झारखंडमध्ये टीबी पेशंटना नीट पोषण देऊन केलेल्या अभ्यासात, २०२३ मध्ये तो छापून आला, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. दर आठवड्याला एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन घ्या, शुगरच्या वहीतच शेजारी लिहा. प्रोटीन किती, भात-पोळी किती हे डाएटिशियनकडून ठरवून घ्या. इन्सुलिन चालू असेल तर पोटभर जेवायची मुभाही जास्त मिळते, हे मिस्टरांना आवर्जून सांगा, टोचण्याच्या बाजूने हा मुद्दा कधी कधी सगळ्यात जास्त चालतो!

त्यांच्याशी बोलताना "डॉक्टरांनी सांगितलंय ना" ने सुरुवात करू नका, ते दीड महिना तेच ऐकताहेत. त्यापेक्षा टीबी बरा होईपर्यंत इन्सुलिन घेऊ, आणि कोर्स संपल्यावर डॉक्टरांसमोर बसून परत ठरवू, असं म्हणा. मुदत दिसली की माणूस तयार होतो. पहिलं इंजेक्शन नर्सकडून शिकून घ्या, सुई किती बारीक असते ते त्यांनी हातात धरून बघू दे. आणि शुगर एकदम खाली गेली तर काय होतं, घाम, थरथर, गरगरणं, आणि तेव्हा लगेच काहीतरी गोड द्यायचं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे.

राहिलं ते दोष येण्याचं. ताई, डब्या नाही दिल्या म्हणून काही बिघडेल अशी भीती तुम्हाला वाटतेय, पण देऊन लिव्हर बिघडलं तर तेव्हा पण तुम्हालाच बोलतील, तेव्हा हा निर्णय तुमच्या एकटीच्या डोक्यावर मुळात घेऊच नका. चारही डब्या पिशवीत घालून पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि हे देऊ का असं मिस्टरांच्या समोर विचारा. नातेवाईकाला सांगायचं, तुम्ही काळजीने आणलंत, डॉक्टर म्हणाले कोर्स संपल्यावर बघू. त्यांना पटो न पटो, वाद घालत बसू नका. आणि त्याच भेटीत तुमची स्वतःची आणि घरातल्या बाकीच्यांची टीबीची तपासणी झालीय का तेही विचारा, पत्रात सगळं मिस्टरांबद्दल आहे, एकाच घरात राहणाऱ्या तुमच्याबद्दल एक ओळ नाही.

दोन महिने पूर्ण झाले की थुंकीची तपासणी होईल, त्या रिपोर्टची वाट बघा, तुमच्याकडे आलेल्या एमडीएच्या आकड्यापेक्षा तो कितीतरी जास्त कामाचा आहे. आणि आत्ताच कॅलेंडरवर एक खूण करून ठेवा, रिफाम्पिसिन ज्या दिवशी बंद होईल त्याच्या आधीच्या आठवड्याची. ती बंद झाली की साधारण दोन आठवड्यांत लिव्हर पूर्वीच्या गतीवर येतं, शुगरच्या गोळ्यांचा असर परत वाढतो आणि कोर्समध्ये वाढवलेला डोस तसाच राहिला तर शुगर धाडकन खाली जाऊ शकते. टीबी बरा झाल्याच्या आनंदात बरेच जण हेच विसरतात, म्हणून त्या आठवड्यात डोस परत ठरवून घ्यायला डॉक्टरांकडे जायचंच.